बॉयलरवाल्याच्या घरचं गार पाणी

आमचे हे सौदीत रास अल खैरला समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या कारखान्यात होते. तिथले बॉयलर म्हणे इमारतीएवढे. त्यांनी किती तापायचं, कधी थांबायचं हे ठरवणारी सगळी यंत्रणा ह्यांच्या हाताखाली. कुठे दाब जरा चढला की आमच्या घरी फोन वाजायचा. अशा माणसाच्या घरात एका डिसेंबरात आंघोळीला गरम पाणी येईना. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण कुणीतरी आमच्याच बाथरूमच्या दारात उभं राहून केली असावी.

वाळवंटात कसली आलीय थंडी, असं नाशिकचे लोक मला विचारतात. त्यांना पहाटे पाच वाजता आमच्या नळाखाली हात धरायला लावायला हवा होता. तिथला उन्हाळा मात्र उलटा. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी इतकं तापतं की गार पाण्याचा नळ सोडला तर अंग भाजतं. म्हणून एप्रिल आला की घरोघरी गीझर बंद होतात. बाथरूमच्या छताखाली, एसीच्या गारव्यात टांगलेल्या त्या बंद गीझरमधलं पाणी त्यातल्या त्यात थंड, म्हणून उन्हाळाभर आंघोळ त्याच पाण्याने करायची. थंडी आली की बटण चालू आणि पुन्हा सगळं सुलट. त्या वर्षीही आम्ही बटण चालू केलं. तांबड्या खुणेचा नळ सोडून बादली भरली, आणि पहिल्याच तांब्याला ह्यांच्या तोंडून निघालेला आवाज शेजारच्या मल्याळी कुटुंबानेही ऐकला.

"थर्मोस्टॅट गेला," हे पंच्याने डोकं पुसत म्हणाले. रोग्याला न तपासता निदान करणारे डॉक्टर मी पाहिले होते, पण उघड्या अंगाने करणारा हा पहिलाच.

थर्मोस्टॅट बदलला. पाणी गारच. मग आतली तापणारी कांडी बदलली. मग पुन्हा थर्मोस्टॅट, ह्या वेळी इटालियन. गंमत म्हणजे गीझरचा दिवा शहाण्यासारखा लागायचा आणि थोड्या वेळाने आपोआप विझायचा. म्हणजे गीझरच्या मते पाणी तापलेलं असायचं. "तो खोटं बोलतोय," हे म्हणायचे. त्यात दुपारी तोच नळ सोडला तर पाणी कोमट यायचं. पहाटे बर्फ, दुपारी कोमट! मग ह्यांनी हॉलमध्ये सोफ्याच्या वर एक टायमर बसवला, त्याला हिरवा-तांबडा दिवा लावला, आणि संध्याकाळी टीव्हीकडे पाठ करून त्या दिव्याकडे बघत बसू लागले. आमच्या घरात पाणी सोडून सगळं तापत होतं. स्वयंपाकघरातला छोटा गीझर वेगळा होता, तो बिचारा इमानदार. त्याच्या जिवावर मी पातेली भरभरून बाथरूमपर्यंत नेत होते.

"अहो, प्लंबरला बोलवा," मी म्हटलं.

"मी? मी प्लंबर बोलावू?"

हा प्रश्न त्यांनी ज्या सुरात विचारला, तो ऐकून मी पातेलं घेऊन स्वयंपाकघरात गेले. कारण मला माहीत होतं की दुखणं गीझरचं नव्हतं.

तो सौदायझेशनचा, म्हणजे परदेशी लोकांच्या जागी सौदी माणसं नेमण्याचा काळ होता. आपल्या लोकांच्या प्रत्येक जेवणात भात वाढायच्या आधी तोच विषय निघायचा. कुणाची जागा गेली, कुणाचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, वाढला नाही, कोण पोरांची शाळा अर्धवट सोडून परत गेलं. ह्यांच्या हाताखाली तिथल्याच हुफूफ गावचा एक तरुण सौदी इंजिनियर दिला होता. त्याला तयार करायचं, आणि तो तयार झाला असं ह्यांनी वरच्या साहेबाला सांगायचं. सांगितलं की त्याची नोकरी पक्की आणि आमची संपली. साहेब अधूनमधून विचारायचे. हे दरवेळी सांगायचे, "मुलगा चांगला आहे, पण अजून कच्चा आहे."

दोन वर्षं तो कच्चा होता. इतक्या दिवसांत आढीतला आंबासुद्धा सडतो. पण हे मी ह्यांना बोलून दाखवलं नाही, कारण मलाही तो कच्चाच राहायला हवा होता. मुलगी पुण्यात शिकत होती, तिची फी ह्याच पगारातून जात होती. आणि खरं सांगायचं तर पैशापेक्षा मला ह्यांची भीती वाटायची. ज्या माणसाला वीस वर्षं सगळे विचारत आले, त्याला उद्या नाशिकला सोसायटीच्या मीटिंगमध्ये गाडी नीट लावा म्हणून सुनावणार. हे त्याला झेपेल का? ह्या विषयावर ते घरात अवाक्षर काढत नव्हते. फक्त स्क्रू ड्रायव्हर घेऊन स्टुलावर चढत होते.

त्या मुलाला जेवायला बोलवायचं मीच काढलं. तो सुट्टीहून येताना दरवेळी वडिलांच्या बागेतला खजूर आमच्यासाठी आणायचा, आणि आम्ही त्याला कधी चहासुद्धा पाजला नव्हता. एका शुक्रवारी नमाजानंतर तो आला. अंगात पांढरा शुभ्र पायघोळ थोब, हातात खजुराचा डबा. मला खाला, म्हणजे मावशी, म्हणाला आणि जेवणभर नजर अदबीने ताटावर ठेवली. मटणाचा रस्सा त्याला तिखट लागला असणार, कारण डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण पठ्ठ्याने दोनदा मागून घेतला.

बोलताबोलता कळलं की त्याचं लग्न ठरलंय, पण मुलीचे वडील नोकरी पक्की व्हायची वाट बघताहेत. "इंशाअल्ला, सर म्हणतील तेव्हा," तो इंग्रजीत म्हणाला, कसलीही तक्रार नसलेल्या आवाजात. विषय बदलायला ह्यांनी हॉलमधल्या दिव्याकडे बोट दाखवलं आणि गीझरचं सगळं रामायण त्याला ऐकवलं.

तो नीट ऐकत होता. मग हात पुसून म्हणाला, "सर, एक विचारू? तुम्हीच मला पहिल्या दिवशी शिकवलंत. यंत्रावर संशय घ्यायच्या आधी माणसावर घ्यायचा. ते शेवटचं नीट चालत होतं, त्यानंतर त्याला पहिला हात कुणाचा लागला?"

"माझा. थर्मोस्टॅट मी बदलला."

"नाही सर. तो हात बिघडल्यावरचा. त्याच्या आधी?"

"आधी कुणाचाच नाही."

"गीझरला नसेल. पाइपला? नळाला?"

ह्यांनी घास परत ताटात ठेवला. कारखान्यातून फोन आल्यावरच ते असा घास ठेवायचे. आणि मला एकदम आठवलं.

"अहो," मी म्हटलं, "जूनमध्ये माझी बहीण आली होती. निळी खूण बघून तिने गार समजून नळ सोडला आणि हात भाजून घेतला. तेव्हा पुन्हा कुणी फसू नये म्हणून नळांच्या तांबड्या-निळ्या चकत्यांची अदलाबदल कुणी केली?"

हे उठले आणि बाथरूममध्ये गेले. आम्हाला नळ सोडल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ एक शिवी, जी त्या मुलाला कळली नाही हे बरं झालं. थंडी आली तरी चकत्या उलट्याच राहिल्या होत्या, निळ्या नळातून वाफाळतं पाणी येत होतं. गीझर पहिल्या दिवसापासून इमानेइतबारे पाणी तापवत होता आणि आम्ही रोज दुसऱ्याच नळाखाली, गच्चीवरच्या टाकीतल्या पाण्याने कुडकुडत होतो. दुपारी जे कोमट यायचं ते उन्हाचं.

मी हसून हसून खुर्चीत बसले. तो मुलगा मात्र हसला नाही. आपल्या गुरूची फजिती झाली म्हणून तो कानकोंडा होऊन खजुराच्या डब्याकडे बघत राहिला. शेवटी हेच हसले, तेव्हा कुठे तो हसला.

तो गेल्यावर मी चहा आणून दिला. ह्यांनी कप हातात घेतला आणि तसाच खाली ठेवला.

"तयार आहे तो," हे म्हणाले.

मी त्यांच्यासमोर बसले.

"आत्ताचा नाही. वर्षभर झालं असेल. मला माहीत होतं गं."

रविवारी ते कामावरून आले आणि बूट न काढताच सोफ्यावर बसले. साहेबांना सांगून टाकलं म्हणाले. त्या मुलालाही स्वतःच जाऊन सांगितलं. त्याने आधी ह्यांच्या खांद्याचं, मग कपाळाचं चुंबन घेतलं, वडिलांचं घेतात तसं. मग म्हणाला, "सर, आता मला काही अडलं तर मी कुणाला विचारू?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, आता तू विचारायचं नाही. आता तुला विचारतील." ते थांबले. "आणि मला गं? मला आता कोण काय विचारणार?"

त्यांचा आवाज फुटला. इतक्या वर्षांच्या संसारात मी तो आवाज ऐकला नव्हता. मी शेजारी बसले आणि त्यांचा हात हातात घेतला.

"मी विचारते की," मी म्हटलं. "परत गेल्यावर नाशिकला राहायचं की पुण्याला? ते आधी सांगा."

त्यांनी माझ्याच ओढणीने नाक पुसलं.

"नाशिकला," ते म्हणाले, आणि मग आम्ही दोघंही रडलो.