बाईंना चालू दिलं नाही

वय विचारलं की बाई म्हणायच्या, "रझाकारांच्या गडबडीत माझं लगीन लागलं. लावा हिशेब." बाई म्हणजे माझ्या सासूबाई, घरात सगळे त्यांना बाईच म्हणायचे. देवगाव रंगारीची शेती माझ्या दिरांवर सोडून त्या आमच्याकडं गारखेड्याला आल्या, तेव्हा नव्वदीला टेकल्या होत्या. तरी स्वतःचं लुगडं स्वतः पिळायच्या, कोपऱ्यावरच्या मारुतीपर्यंत चक्कर मारायच्या, गच्चीवर उन्हात बसून मेथी निवडायच्या. मग एकदा न्हाणीत पाय घसरला आणि मनगट मोडलं.

प्लॅस्टर काढताना डॉक्टरांनी नीट सांगितलं होतं. एवढ्याशा पडण्यानं हाड मोडलं म्हणजे हाडंच ठिसूळ झालीत, आज मनगट आहे, उद्या खुबा असेल. तपासणी करा, गोळ्या बंद करू नका, न्हाणीत धरायला दांडा बसवा आणि त्यांना चालतं ठेवा. मी मान डोलावली आणि त्यातलं एकच डोक्यात ठेवलं, की बाई परत पडता कामा नयेत. दांडा बसवायचा आज-उद्या करत राहून गेला. हात दुखायचा थांबला तशा गोळ्याही थांबल्या. चालणं मात्र मी जातीनं बंद केलं.

मी तशी तापट. बाईंनी पलंगाखाली पाय सोडले की स्वयंपाकघरातून ओरडायची. कमोडची खुर्ची खोलीतच आणून ठेवली, जेवणाचं ताट पलंगावर. त्या म्हणायच्या, "अगं, मारुतीपस्तोर तरी जाऊ दे. पाय आखडलेत माझे." मी म्हणायची, "मारुती कुठं पळून जात नाही."

खरं सांगायचं तर यात नुसती काळजी नव्हती. लग्नानंतर तीस वर्षं सासरच्या माणसांनी मला नोकरीवाली, घराकडं लक्ष नसलेली सून म्हणून टोमणे मारले होते. आता गावाकडून भेटायला आलेली नणंद चारचौघांत म्हणाली, "वहिनीनं आमच्या बाईला काडी उचलू दिली नाय. लई सेवा केली." माझी मान ताठ झाली. त्यानंतर पाहुणे यायचे म्हटलं की मी बाईंच्या हातातली मेथीची जुडीसुद्धा काढून घ्यायची. लोक काय म्हणतील, म्हातारीला कामाला लावलं!

आठ महिन्यांनी एका दुपारी बाई पाण्याच्या तांब्यासाठी उठल्या. तांब्या दोन हातांवर होता, पण पायांनी तेवढंही पेललं नाही. खुबा मोडला.

दवाखान्यात तेच डॉक्टर होते. त्यांनी विचारलं, "मधल्या काळात चालत होत्या का?" मी म्हणाले, "छे! आठ महिने एक पाऊल टाकू दिलं नाही." हे मी अभिमानानं सांगितलं, याची मला आजही लाज वाटते. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. रागावले नाहीत. "मनगट मोडलं तेव्हाच आपण खुबा वाचवायला हवा होता," एवढंच म्हणाले. मधल्या गोळ्यांचं विचारलं, तेव्हा त्या कधीच बंद केल्याचं सांगावं लागलं. बाई चालत राहिल्या असत्या, तर कदाचित पडल्याही नसत्या. कदाचित पडल्या असत्याच. हे आता मला कोण सांगणार?

ऑपरेशन झालं. दुसऱ्याच दिवशी व्यायाम करून घेणारी नर्स वॉकर घेऊन आली. "आजी, उठा, दोन पावलं टाकू या." बाई हलल्या नाहीत. वीस मजुरांच्या पुढं उभं राहून कापूस वेचून घेणारी ती बाई, एका हाकेत अख्खं शेत गप्प करणारी. नर्सनं पुन्हा हात पुढं केला. बाईंनी तिच्याकडं बघितलंच नाही. माझ्याकडं बघून दबक्या आवाजात विचारलं,

"उठू का गं? रागावणार नाय ना?"