फाळ लावलेली मेख

मार्चची नऊ तारीख, सोमवार. सकाळचे सात. नावेवर तिघं: मी, माझे यजमान आणि धाकटे दीर. काठावर कोणी नाही.

नाव सोडण्याआधी सामान मोजून घ्यायची माझी सवय आहे. दोन वल्ही, जाळं, दोराला बांधलेला दगड, चाकू, पाणी उपसायचा डबा, भाकरीचं फडकं. त्या दिवशी यादीत एक वस्तू नवी होती: मेख.

खोल पाण्यात आम्ही दगड टाकतो. उथळ पाण्यात मेख लागते. नावेच्या मागच्या फळीला दोन बोल्टांनी लोखंडी नळी बसवलेली होती. गळ्याएवढ्या पाण्यात आलो की त्या नळीतून लांब दांडा खाली सोडायचा आणि चिखलात दाबायचा. नाव जागेवर उभी राहते, जाळं काढायला हात मोकळे होतात. आमचा दांडा बाभळीचा होता. त्याचं टोक आठवड्यापूर्वी मोडून तळाशीच राहिलं.

नवी मेख दिरांनी केली. धरणाच्या पाण्यात आमची काळी जमीन गेली तेव्हा यजमान मासेमारीकडे वळले. दीर वरच्या माळरानाला धरून राहिले. त्यांना पोहता येत नाही, गुडघ्यावर पाणी आलं की ते मागं फिरतात. पण मोडलेलं अवजार पाहिलं की त्यांना राहवत नाही. त्यांनी जाड लोखंडी दांडा आणला, त्याच्या टोकाला जुन्या नांगराचा फाळ लावायचा ठरवला आणि दांडा नळीतून निसटून जाऊ नये म्हणून वरच्या बाजूला जाड चकती. गंगापूरच्या वेल्डिंगवाल्या चाचांना ते पटलं नव्हतं.

“लाकूड मोडलं म्हणून तुमची नाव वाचली, मियाँ. हे मोडायचं नाय.”

“मोडू नये म्हणूनच करतोय ना, चाचा.”

“मग निघंल कसं, ते बी सांगा.”

“बैल जुंपू,” दीर म्हणाले. दुकानातले सगळे हसले. मीही हसले.

आपली मेख कशी बसते हे पाहायला दीर त्या दिवशी मुद्दाम नावेवर आले होते. पहिल्याच दाबाला ती हातभर आत गेली, पुढं वजनानं आणखी उतरत चकती नळीच्या तोंडावर येऊन टेकली.

“बघा वैनी. जमिनीला जमिनीचंच हत्यार लागतं.”

अर्धं जाळं वर आलं आणि पश्चिमेकडून वारं सुटलं. असं वारं आलं की मेख उपसायची आणि काठ गाठायचा, एवढंच काम. यजमानांनी दांडा ओढला. हलला नाही. दोघा भावांनी मिळून ओढला, तेव्हा नावेचं मागचं टोकच खाली गेलं आणि पाणी आत आलं. काळ्या मातीनं फाळ धरला होता. पेरणीच्या औताला जशी धरते तशीच.

आता प्रत्येक लाटेला नावेचं तोंड उचलायचं, पण मागची बाजू चकतीनं खाली दाबून धरलेली. नाव लाटेवर चढायच्या ऐवजी लाट आत यायची. मी डबा घेऊन उपसायला लागले. दगडाचा दोर असता तर चाकूनं कापला असता. इथं कापायला काही नव्हतं. बोल्ट काढायचा पाना घरी भिंतीवर टांगलेला होता. तो माझ्या यादीत कधी नव्हताच, कारण आजवर पाण्यात काही उघडावं लागलं नव्हतं.

“फळीच तोडतो,” यजमान म्हणाले. “कोयता दे.”

दीर उसाच्या रानातून तसेच आले होते, कोयता कमरेला होता. तो त्यांनी पुढं केला, पण स्वतः पुढची आडवी फळी धरून बसून राहिले.

“तू मागं ये. मला बाहेर वाकून घाव घालावे लागतेत. माझी कंबर धर.”

“दादा, तिथं पाणी येतंय.”

“म्हणूनच म्हनतो. डोळे मिटून धर, पण धर.”

दीर रांगत माझ्या शेजारून मागं गेले. त्यांचं वजन तिकडं गेलं तसं पाणी दुपटीनं यायला लागलं. त्यांनी भावाच्या कमरेला मिठी मारली आणि खरोखरच डोळे मिटले.

“वैनी, पाणी घोट्याच्या वर आलंय!”

“डोळे मिटलेत ना? मग मला सांगू नका. तुम्ही धरा.”

मी चाळीस डबे मोजले, पुढचे मोजता आले नाहीत. घाव पडत होते. एक बोल्ट सुटला तशी फळी चरकन चिरली आणि नळी, बोल्ट, फळीचा तुकडा सगळं एकदम गेलं. मागचं टोक उसळलं. दोघे भाऊ एकमेकांवर आदळले, पण नावेतच.

फळीला दोन वितींची खाच पडली होती. तिच्यात जाळ्याचा बोळा कोंबला, दिरांना पुढच्या टोकाला बसवलं म्हणजे मागची बाजू उचलून राहील, आणि यजमानांनी वल्ही घेतली. काठाला लागेपर्यंत मी उपसत राहिले.

चिखलात पाय टेकल्यावर दीर म्हणाले, “वैनी, फाळ मात्र चांगला व्हता.”

“चांगलाय. अजून तिथंच उभा आहे.”

यजमानांनी माझ्याकडं पाहिलं. त्यांच्याही ते त्याच क्षणी ध्यानात आलं असावं. चकती पाण्याखाली वीतभरच होती, आणि कालव्याला पाणी सुटलं असल्यानं धरण रोज थोडं थोडं उतरत होतं. अंधारात तिच्यावर नाव आदळली तर तळ फुटणार. पलीकडच्या काठाच्या नावा उजाडायच्या आत त्याच पट्ट्यातून जातात. आपल्या काठाला त्याच संध्याकाळी सांगून झालं. पलीकडे निरोप गेला, पण निरोपानं जागा कळत नाही.

वारं पडल्यावर चौथ्या दिवशी आम्ही शोधायला गेलो. यजमान म्हणाले, तीन वाळक्या बाभळींच्या सरळ रेषेत. दीर काठावरून ओरडत होते, आणखी उगवतीला. बांबूनं दोन तास टोचून पाहिलं, बांबूला लोखंड लागलं नाही. दुसऱ्यांदा गेलो, तिसऱ्यांदा गेलो, मेख सापडली नाही.

पाण्यावर खूण म्हणून तरंगत ठेवायला तेलाचा रिकामा डबा लाल रंगवून ठेवला आहे. त्याला दोर बांधलेला आहे. तो मेखेवर लावायचा राहिलाय.