रोटी गुंडाळलेली सूचना

जळक्या उसाचा वास आला की माझं डोकं अजून तापतं. सत्तरच्या दशकात आमच्या बेटावरच्या बों अक्योय गावात प्राथमिक शाळेसमोरून उसाच्या लॉऱ्या जायच्या आणि शाळा सुटली की आम्ही पोरं मागे धावत ऊस ओढायचो. एकदा धाकटी बहीण पडली, पाय मोडला. आई शेतातून तशीच कोयत्यासकट शाळेत गेली. मुख्याध्यापक म्हणाले, "मादाम, लॉऱ्यांपासून सांभाळा म्हणून घरी कागद पाठवला होता." आई कडाडली, "इंग्रजीत! मला वाचता येतं का, कुणी विचारलं?" त्या दिवशी डब्यातली आमची रोटी त्याच कागदात गुंडाळलेली होती. आज मी शिक्षिका आहे. सूचना मी फाटकात उभी राहून, क्रिओलमधून, इथल्या सगळ्यांना कळणाऱ्या बोलीत, ओरडून सांगते.