भाजावळ

"तुझा बाप आमच्या बागेत गडी होता. गड्याच्या पोराने टँकर चालवायचा. आम्हाला युद्ध शिकवायचं नाही."

साहेब हे भर जेवणात, सगळ्यांसमोर बोलले. मी एवढंच म्हटलं होतं, "त्या घरांत मान्सं व्हती, साहेब."

साहेब रत्नागिरीजवळच्या पावस गावचे, मोठ्या आंबाबागांचे मालक. परदेशातल्या एका तेल कंपनीत मॅनेजर. मी मंडणगडकडचा, त्यांनीच लावलेला ड्रायव्हर. त्या देशात आपसातच लढाई जुंपली होती. सरकारी फौजेला आमची कंपनी डिझेल पुरवायची. टँकर मी न्यायचो.

गेल्या गेल्या एकदा डोंगरउतारावर धूर दिसला. मला गाव आठवलं. पेरणीआधी आम्ही शेतात पालापाचोळा, शेण पसरून जाळतो, जमीन भाजतो. मी खुशीत बोलून गेलो, "साहेब, हितं पन भाजावळ करतत वाटतं!"

साहेब पोट धरून हसले. जळत होती ती गावं. बंडखोरांना आसरा मिळू नये म्हणून फौज गावंच्या गावं पेटवत होती. साहेबांना माझा शब्द फार आवडला. रोज टँकर भरताना विचारायचे, "काय रे, आज भाजावळ कुठे?" मीही हसायचो. डिझेल कशाला जातंय ते कळत होतं, तरी हसायचो. त्या हसण्याची मला आजही किळस येते.

मग एकदा पूल तुटला म्हणून टँकर जळक्या गावातून काढावा लागला. एक म्हातारी राखेत बसून करपलेले दाणे वेचत होती. माझा टँकर बघितला आणि जवळचं लेकरू उचलून पळत सुटली. दाणे तिथेच सांडले. तिथे बियाणंसुद्धा जाळलं होतं. आम्ही भाजतो ते पेरायला.

त्याच दुपारी मी जेवताना तोंड उघडलं. साहेब म्हणाले, "बंडखोरांना खायला घालतात हेच लोक. यांना हटवलं की लढाई लवकर संपेल. उलट माणसं वाचतील." आणि मग माझा बाप काढला.

मी टँकरची किल्ली त्यांच्या ताटाशेजारी ठेवली. "उद्यापासून मी नाय." दुसऱ्या दिवशी टँकर दुसऱ्याने नेला. गावं जळतच राहिली.

आता साहेब कायमचे परत आलेत. रविवारी रत्नागिरीत त्यांचा सत्कार आहे. मी जाणार. भर सभेत उभा राहून तिथे काय जाळलं ते सांगणार. पण आधी हे सांगणार, की डिझेल मी पोचवलं, आणि त्याला भाजावळ म्हणणारा पहिला माणूस मीच.