चार दिव्यांचा चार्जर

चार्जरमधून काढलेला सेल बाई आधी गालाला लावायच्या. डोळे मिटून, तापातल्या लेकराचं कपाळ बघावं तसं. मग आमच्याकडे वळून म्हणायच्या, "तापला. पोट भरलंय याचं, अन् तुमी वाढतच ऱ्हायलात."

बीडच्या बाहेर आमची औद्योगिक सहकारी संस्था होती. टॉर्चमधले, रेडिओतले, भिंतीवरच्या घड्याळातले, पुन्हा पुन्हा भरता येणारे सेल; त्यांचे चार्जर आम्ही बनवायचो. मी सोल्डरिंगला बसायचे आणि आतली सगळी आखणी बाईंची. स्वभाव? राम राम! वाकडा जोड दिसला की बोटांवर स्क्रूड्रायव्हरची मूठ बसलीच. अपमान तर त्या विसरायच्याच नाहीत. शेजारचा एकजण कधीतरी 'बाईमाणसाला काय कळतंय' म्हणाला, तर त्याचा बिघडलेला पंखा त्यांनी शेवटपर्यंत हातात धरला नाही. अशी खुनशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. मला ती आवडतात. मीही त्यातलीच.

बाईंचं एक वाक्य ठरलेलं: "ज्याचं ताट त्याला." एकाचं पोट लवकर भरतं, दुसरा उपाशी असतो. दोघांना एका ताटात बसवून सारखं वाढत राहिलं की एक ओकतो आणि दुसरा तसाच उठतो. सेलचंही तसंच, म्हणायच्या. म्हणून त्यांच्या चार्जरमध्ये चार सेलना चार वेगळ्या वाटा आणि चार दिवे. जो सेल भरला त्याचा दिवा विझायचा आणि त्याची वीज तिथंच थांबायची.

आमचे चेअरमन आप्पा. त्यांनी नमुना पाहिला, वाहवा केली, आणि माल बनायला लागला तेव्हा आतलं निम्मं काढून टाकलं. दोन-दोन सेल एका तारेवर, वीज थांबायची सोयच नाही. दिवे मात्र चारच ठेवले, नुसते शोभेचे. बाई भांडायला गेल्या तर हसून म्हणाले, "अवो बाई, गिऱ्हाईक दिवा बघतंय. तार कोण बघतंय?"

त्या साली दुष्काळ. धरणाच्या पोटात चिखलाला भेगा पडलेल्या. बाईंच्या गावात, पालीत, टँकर यायचा, विहिरीत पाणी ओतून जायचा, आणि उजाडायच्या आत बायका घागरी घेऊन उतरायच्या. लाईट तर नसायचीच. बाईंची नणंद टॉर्च घेऊन पायऱ्या उतरत होती. सेल आमच्याच चार्जरवर भरलेले. मध्येच टॉर्च विझला आणि ती खाली गेली. पाय मोडला, जुळला तो वाकडाच.

आप्पांनी गावात सांगितलं, "डिझाइन बाईचं हाय. आमाला काय कळतंय त्यातलं?"

नणंदेनं खाटेवरून एवढंच विचारलं, "वैनी, तुज्याच हातचा हाय न्हवं ह्यो?" बाईंनी चार्जर उघडला, तारा दाखवल्या, आप्पांनी काय केलं ते सांगितलं. नणंदेनं भिंतीकडे तोंड फिरवलं. तेव्हापासून बोलणं बंद.

दुसऱ्या दिवशी बाई कामावर हजर. मी म्हटलं, "लाथ मारा की या नोकरीला."

"कावून? म्या गेले तर त्येचंच फावतंय. आप्पाला सोडत न्हाई मी."

मला लई बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? त्या मेल्याची जिरलेली मलाही बघायची होती.

सहकारातली वार्षिक सभा तुम्हाला माहीत असेलच. अध्यक्ष विषय वाचतात. ते थांबले, की मागे चिवडा खात बसलेली त्यांची माणसं ओरडतात, "मंजूर!" काय मंजूर ते कोणी ऐकत नाही. चहा निवायच्या आत सभा आटोपते.

मांडवात दोन बिनतारी माइक होते आणि त्यांचे सेल भरायचं काम बाईंकडे. आपल्याच मालावर भरा, हा आप्पांचा हुकूम. बाईंनी तो पाळला. आप्पांच्या माइकचे सेल, एक नवा आणि एक जुना, आप्पांच्या चार्जरवर भरले. दुसऱ्या माइकचे स्वतःच्या पहिल्या नमुन्यावर.

पहिला विषय झाला. दुसऱ्याला आप्पांचे ओठ हलत राहिले, आवाज गुल. बाई उठल्या, दुसरा माइक घेतला आणि आप्पांच्याच चालीत वाचल्यासारखं म्हणाल्या, "विषय दुसरा. आप्पांनी चार्जरमधल्या वाटा काढल्या, दिवे शोभेला ठिवले, त्यानं माज्या नणंदेचा पाय मोडला, अन् नाव माजं घेतलं. हे सभेला ठाऊक व्हावं."

"मंजूर! मंजूर!"

"विषय तिसरा. आप्पांनी खुर्ची सोडावी."

"मंजूर!"

मग मांडवात हसू फुटलं आणि मागच्यांचे घास तोंडातच राहिले. आप्पा "नामंजूर, नामंजूर" ओरडत होते, पण त्यांच्या हातातला माइक मेलेला. लोकांनी तो ठराव खराच करून घेतला. खुर्चीवरून उतरलेले आप्पा पुन्हा चढले नाहीत. मी घरी येऊन गोड शिरा केला.

नणंद मात्र बोलली नाही. बाईंनी तो पहिला नमुना तिच्या उंबऱ्यावर नेऊन ठेवला. तिनं वापरला, पण शब्द नाही. मला म्हणाली, "मंजूर म्हटल्यानं पाय सरळ व्हतो का?" बाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्या कितीतरी वेळ हातातला सेल नुसता फिरवत बसल्या.

परवाच्या उन्हाळ्यात बाई गेल्या. पालीत शोकसभा ठेवली, आणि बघा निर्लज्जपणा, आप्पा आले. पांढरेशुभ्र कपडे, मागे दोन-चार माणसं. माइक हातात घेऊन सुरू, "माज्याच मार्गदर्शनाखाली आमच्या या भगिनीनं..."

मी उठणारच होते. माझ्याआधी नणंद उठली. लंगडत पुढं गेली, आप्पांच्या हातातून माइक काढून घेतला, खालचं झाकण फिरवलं आणि सेल बाहेर काढले. एक गालाला लावला. डोळे मिटून तशीच उभी राहिली.

"गार हाय," ती म्हणाली. "माज्या वैनीच्या चार्जरवर भरलाय म्या." मग डोळे उघडून आप्पांकडे बघितलं. "तुमी उठा ह्या ताटावरनं."

मागून कोणीतरी म्हणालं, "मंजूर."