मेलचं आडनाव

तुमच्या ऑफिसात कुणी खोटा मेल उघडला, तर आधी कुणाची मान पकडली जाते? खरं सांगा.

नाशिक रोडच्या आमच्या द्राक्ष निर्यात कंपनीत कारकुनाची पकडली जायची. संगणक विभाग मंगलताईंकडे होता. साहेबांच्या नावाने मेल आला की त्या उठून थेट केबिनमध्ये जायच्या आणि पाहुण्यांसमोर विचारायच्या, "साहेब, हे तुम्हीच लिहिलंय ना?"

"मग काय भूत लिहिणार?"

"हल्ली भुतंच लिहितात, साहेब."

त्या आम्हाला बजावायच्या, "माणसाला आडनाव विचारायचं नाही, मेलला विचारायचं." पत्त्यात ‘ॲट’च्या खुणेपुढे जे असतं ते मेलचं आडनाव. नाव कुणीही लावतं, घराणं तिथे कळतं. साहेबांचं नेमकं उलटं. नव्या माणसाला पाणी विचारायच्या आधी आडनाव विचारायचे, आणि जात समजली की मगच मोकळं हसायचे. मेल मात्र कुठलाही उघडायचे. मंगलताईंच्या प्रशिक्षणाच्या दिवशी त्यांना हमखास निफाडला बागा बघायच्या असत.

ऐन हंगामात आमची कारकून वंदना फसली. साहेबांच्या नावाच्या मेलला तिने पासवर्ड दिला आणि परदेशी खरेदीदारांना कंपनीच्या नावाने भलतीच पत्रं गेली. वंदना पेठ तालुक्यातल्या पाड्यावरची, तिच्या घरातली पहिली नोकरदार. साहेबांनी तिला काढायचं ठरवलं. पत्र टाइप करायचं काम माझ्याकडे आलं. माझं डोकं भडकलं.

"हळू टाइप कर," मंगलताई म्हणाल्या. "जोडाक्षरं फार आहेत त्यात."

तेवढ्या वेळात त्यांनी साहेबांना एक मेल धाडला: ‘द्राक्षभूषण पुरस्कारासाठी आपली निवड झाली आहे. शाल, श्रीफळ, मानपत्र. फोटो पाठवण्यासाठी आपला पासवर्ड टाका.’ मेलचं आडनाव असं विचित्र ठेवलं होतं की वंदनालाही हसू आलं.

चार मिनिटांत केबिनमधून आरोळी आली. "मंगल!"

अर्धवट पत्राचा कागद हातात घेऊन मीही ताईंमागे आत गेले. पडद्यावर अक्षरं होती: ‘अभिनंदन. वंदनाने केलं तेच तुम्ही केलंत.’

"अगं, मी मालक आहे इथला!"

"म्हणून तर. वंदनाच्या किल्लीने एक कपाट उघडतं, तुमच्या किल्लीने अख्खी कंपनी. आता पत्रं टाइप होतील तर दोन, नाहीतर एकही नाही."

साहेब खुर्चीतून उठले. मग माझ्या हातातलं पत्र घेऊन त्यांनी फाडलं. आम्ही दाराशी पोचलो तेव्हा मागून दबक्या आवाजात विचारलं, "हा पुरस्कार... कुठेच देत नाहीत का?"

पुढच्या प्रशिक्षणाला ते वंदनाशेजारी बसले. तिला विचारून विचारून टिपणं काढत होते.

मंगलताई यंदा निवृत्त झाल्या. तुमच्याकडे त्या यायच्या नाहीत, म्हणून त्यांचं काम तुमच्यावर टाकते. कुणा वंदनाचं पत्र टाइप होत असेल, तर अडवा. आणि पुढच्या प्रशिक्षणाची यादी कराल, तेव्हा पहिलं नाव साहेबांचं लिहा. आजच लिहा.