उलट्या पिळाची काच

विद्यापीठाने बाईंचा सन्मान करायचं ठरवलं तेव्हा त्यांना निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती आणि त्यांची कोल्ड रूम पाडून दोन. त्या जागी बैठकीची खोली झाली होती, आणि तिलाच बाईंचं नाव द्यायचा बेत होता. यात काही वावगं आहे असं कोणालाही वाटलं नाही.

मी पुण्याहून डब्लिनला पीएच.डी.साठी आले ती बाईंकडेच. एखाद्या प्रथिनाचा रेणू नेमका कसा दिसतो हे शोधणं त्यांचं काम. आधी त्याचे स्फटिक वाढवायचे, मग त्यांच्यावर क्ष-किरण सोडायचे आणि किरण कसे विखुरतात त्यावरून रेणूचा आकार काढायचा. सांगायला एक वाक्य पुरतं. आम्हाला एका प्रथिनाला सहा वर्षं लागली, त्यातली बरीचशी त्या चार अंशांच्या कोल्ड रूममध्ये, स्वेटरवर स्वेटर चढवून. पहिल्या नकाशात, म्हणजे किरणांवरून काढलेल्या चित्रात, रेणूचा पीळ डावीकडे वळलेला आला. खरा पीळ उजवा असतो, साध्या स्क्रूसारखा. बाईंनी सगळं गणित पहिल्यापासून करायला लावलं. मी प्रसाधनगृहात जाऊन रडले आणि परत येऊन गणित केलं.

याच कामासाठी त्यांना परदेशात मोठं पदक मिळालं. मग त्या आपल्याच आहेत हे विद्यापीठाला आठवलं.

कार्यक्रमाच्या आठवडाभर आधी प्रसिद्धी विभागातल्या माणसाने मला नवी खोली दाखवायला नेलं. मी आता विद्यापीठातल्याच क्ष-किरण यंत्राची देखभाल करते. खोली आणि कॉरिडॉर यांच्यामध्ये मोठी काच होती. तिच्यावर, खोलीच्या आतून वाचता येईल असं, बाईंचं नाव, खाली काचेचा खर्च देणाऱ्या कंपनीचं नाव, आणि शेजारी आमचा रेणू कोरलेला.

"हा उलटा आहे," मी म्हणाले.

"म्हणजे खालची बाजू वर?"

"नाही. आरशातला आहे. पीळ डावीकडे चाललाय."

त्याने मान तिरकी करून पाहिलं. "मूळ चित्रात तो दाराकडे पाठ करून होता. आमच्या डिझायनरने फ्लिप केला. आता तो आत येणाऱ्याचं स्वागत करतो."

"असं प्रथिन कुठल्याच प्राण्याच्या शरीरात नसतं."

"पण दिसतंय ग्रँड. कोणाच्या लक्षात येणार?"

"ज्यांचा सत्कार आहे त्यांच्या."

तो त्याच्या साहेबांशी बोलून आला. काच फिरवून बसवली तर पीळ सरळ होत होता, पण मग अक्षरं उलटी. बाईंच्या नावाचं काही तरी जमवता आलं असतं, कंपनीच्या नावाचं जमण्यासारखं नव्हतं. काच तशीच राहिली.

आदल्या दिवशी आईला फोनवर हे सांगत होते. तिने विचारलं, "शाल-श्रीफळ तरी देतायत का?"

"नाही. काच."

"काच? घरी कशी नेणार ती?"

कार्यक्रमात विद्यापीठाच्या प्रमुखांनी बाईंचं आयुष्य स्फटिकासारखं पारदर्शक असल्याचं सांगितलं. बाईंची बढती तीन वेळा नाकारणाऱ्या समितीवर तेही होते, तो भाग तेवढा पारदर्शक नव्हता. मग त्यांनी केटरिंगवाल्यांचे आभार मानले. बाईंनी दोरी ओढली, पडदा सरकला आणि त्या काचेकडे बघत राहिल्या. टाळ्या थांबल्या तरी बघतच होत्या.

"तू पाहिलं होतंस?" त्यांनी मला हळूच विचारलं.

"गेल्या मंगळवारी. सांगितलं मी त्यांना."

"काय म्हणाले?"

"ग्रँड दिसतंय म्हणाले."

बाई माइकपाशी गेल्या. "आभारी आहे," त्या म्हणाल्या. "मी ज्या रेणूवर काम केलं त्याचा पीळ दुसऱ्या बाजूला आहे. कॉरिडॉरमधून पाहिलंत तर तो बरोबर दिसेल. तिकडून माझं नाव उलटं वाचावं लागेल, त्याला माझी हरकत नाही. मी तिकडे जाते आहे."

आणि त्या खरंच चालू लागल्या. हा विनोद आहे की निषेध, हे कोणाला कळेना. आधी विद्यार्थी उठले, मग बशीत सँडविच घेऊन निम्मे पाहुणे. प्रमुख आणि कंपनीचे लोक आतच राहिले. काचेच्या दोन बाजूंना दोन घोळके उभे राहून एकमेकांकडे बघत होते. बाईंनी चष्मा पुसून लावला, काचेजवळ गेल्या आणि म्हणाल्या, "हं. हा आपला."

मला भरून आलं, आणि रागही आला. मला रडवल्याचा मान त्या लोकांना द्यायचा नव्हता, म्हणून मी सँडविच खाल्लं.

विद्यापीठाच्या वेबसाइटवर फोटो आला तो आतून काढलेला, खाली 'अचूकतेचा वारसा' अशी ओळ. पुढे त्या खोलीत नोकरकपातीच्या बैठका होऊ लागल्या. बाहेरून कोणाचे चेहरे दिसू नयेत म्हणून काचेला कॉरिडॉरच्या बाजूने दुधी फिल्म चिकटवली. आता सरळ रेणू कोणालाच दिसत नाही.

मला मात्र 'बारकाव्यांकडे लक्ष दिल्याबद्दल' आभाराची ईमेल आली आणि पुढच्या सन्मान समितीवर घेतलं. मी हो म्हटल्याचं बाईंना कळवलं.

"कशाला?" त्यांनी विचारलं.

"पुढचं चित्र कोरायच्या आधी बघता येईल."

"दाखवणार नाहीत तुला."

पहिली बैठक दीड तास चालली. व्यासपीठावर कोणती फुलं ठेवायची, एवढाच विषय होता. चित्राबद्दल मी विचारलं तेव्हा कळलं, ते डिझायनरकडे आधीच गेलंय.